चार रिकामे डबे आणि आमच्या बाजी

अन्याय झाला तो बाजींवर, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताईंवर, आणि झाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यासिकेचं कुलूप उघडायच्या आत. अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी दारातच त्यांच्या हातात कागद ठेवला: ‘पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी केल्यामुळे आपली सेवा समाप्त.’ हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला हसू येणार आहे. हसा खुशाल, पण कागद विसरू नका.

संस्थेचे सभासद म्हणून बीडमधली ती अभ्यासिका तुम्ही पाहिलीच असेल. नेकनूरपासून पार युसूफ वडगावपर्यंतची पोरंपोरी एसटीनं तिथं येतात आणि भरतीच्या सराव परीक्षा देतात. मी जायचो आमच्या मोर्च्यांची पत्रकं वाटायला. कॉम्प्युटरचं सगळं काम बाजींकडे. वडिलांचा फळांचा गाडा, म्हणून त्यांची एक सवय: कुठलंही मशीन समोर आलं की आधी ते टरबुजासारखं बोटानं वाजवायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं.

“यानं काय कळतं हो, बाजी?” मी एकदा विचारलं.

“काय बी न्हाई. पण बघणारा गप बसतो.”

नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. कुणी कौतुक केलं तर “हाव, येतंय मला. लई चांगलं येतंय. लाजू कावून?” असं म्हणायच्या आणि समोरच्यालाच लाजवायच्या. मला नावानं कधी हाक मारली नाही. मी कायम ‘पत्रकवाला’, नाहीतर ‘मोर्च्या’.

पूर्वी तिथं टेबलाखाली पाच जुने सर्व्हर होते. सर्व्हर म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरांना माहिती पुरवणारं मशीन. एकावर सराव परीक्षा, एकावर पुस्तकांची यादी, एकावर तासांचे व्हिडिओ, एकावर हजेरी आणि एक नुसता शिकायला. पाचही दिवसभर घरघर करायचे, खोली तापवायचे आणि अर्धा वेळ रिकामेच बसायचे. बाजींनी संस्थेच्या मागे लागून एकच दणकट मशीन आणवलं.

“पाचांचं काम एक कसं करंल?” मी विचारलं.

“तुमच्या गल्लीला पाणी कोण सोडतं?”

“नगरपालिकेचा माणूस. चावी फिरवतो.”

“बस, तोच हाय हा. टाकी एक, गल्ल्या पाच. चावीवाला प्रत्येकाला वाटून देतो. एका गल्लीत भांडण झालं तर दुसरीचं पाणी तुटत न्हाई. हा मशीनमधला चावीवाला, त्याला म्हणतात हायपरवायझर. आतली पाची मशीनं खोटी, पण प्रत्येकाला वाटतं, आख्खा डबा माझ्या बापाचा.”

“आणि टाकीच फुटली तर?”

बाजी एकदम खूश झाल्या. “आता विचारलास शहाण्यावानी! म्हणून दुसरा डबा पायजे, रोजची नक्कल ठेवायला. मागितलाय मी.” तो दुसरा डबा संस्थेनं कधीच दिला नाही. ‘सध्या आवश्यकता नाही,’ असं उत्तर आलं.

मांडणी करताना मी हाताखाली होतो. नवीन मशीनवर विंडोज वगैरे काही घातलं नाही. हायपरवायझरच थेट कोऱ्या मशीनवर बसवला. पण आतलं पहिलं मशीन काही केल्या सुरू होईना. मी लगेच म्हणालो, कंपनीनं फसवलं, मोर्चा काढू!

“थांब रे, मोर्च्या. आधी समजून घे, मग बोंबल.” त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू करून सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरल्या. एकात अनेक मशीनं चालवायची प्रोसेसरची सोय कारखान्यातूनच बंद आली होती. ती चालू केली आणि गाडी सुटली.

मग मेमरीची वाटणी. मी हट्ट धरला, सगळी परीक्षेच्या मशीनला द्या, पोरांचा प्रश्न आहे.

“जो ओरडतो त्याला सगळं? आन् चावीवाल्यानं काय उपाशी मरायचं?” असं म्हणून आधी त्याचा वाटा काढून ठेवला, मग बाकीच्यांना दिलं.

शिकायच्या मशीनशी त्यांनी मला मनसोक्त खेळू दिलं. “मोड बे, मोड!” आधी त्याची आहे त्या स्थितीची नोंद घेऊन ठेवली, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. मी तासभर खपून ते पार मोडून ठेवलं. बाजींनी चहा पितापिता दोन बटणं दाबली आणि ते होतं तसं उठून उभं राहिलं. “माणसाचं बी असं पायजे होतं,” त्या म्हणाल्या, आणि मला बिस्किट दिलं.

आता खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांची पूजा, म्हणून सचिवांनी उद्घाटन तेव्हाच धरलं. निमंत्रणपत्रिकेत छापलं ‘पाच अत्याधुनिक सर्व्हर’. पाहुणे मोठे पुढारी. आता एकच डबा दाखवायचा कसा? सचिवांनी जुन्या चार मशीनचे डबे आतून रिकामे केले, बाहेरून काळा रंग मारला आणि समोर हिरवे दिवे लावून ओळीत मांडले. ज्यांना नक्कल ठेवायला एक खरा डबा जड झाला, त्यांना चार खोटे मात्र सहज जमले!

“मॅडम, तुम्ही फक्त गप राहायचं,” सचिव म्हणाले.

“मी आपणहून काय बोलत न्हाई. पण कुणी विचारलं तर खोटं सांगणार न्हाई.”

“पुढारी कधी विचारतात का?”

हे मलाही पटलं.

शिपाई मामा पाच हार, पाच नारळ घेऊन आले. हळदकुंकवाची मूठ भरली तशा बाजी ओरडल्या, “मामा, जाळीवर नका! पंखा आत ओढंल!” मामांनी बोटानं हलकेच टिळा लावला. पुढाऱ्यांनी फीत कापली, नारळ फोडले, आणि कोण जाणे काय सुचलं, वाकून बाजींना म्हणाले, “ताई, यातला कोणता काय काम करतो?”

खोलीत पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती.

“साहेब, कामाचा हा एकच. यातच पाची हायेत. बाकीचे चार रिकामे डबे हायेत.”

पुढारी खदाखदा हसले. “मग त्यांचे हार उतरवा की! ह्या एकाला घाला सगळे.” पोरींनी टाळ्या वाजवल्या. सचिव हसले नाहीत.

कागद हातात पडल्यावर मी संध्याकाळी बाजींकडे गेलो आणि म्हणालो, तुम्ही गप राहिला असता तर?

“अरे, आतल्या मशीनला मी खुशाल सांगते, आख्खा डबा तुझा. त्याचं काय बिघडत न्हाई. पण त्या पोरी पहाटेची एसटी धरून येतात. त्यांच्यासमोर रिकाम्या डब्याला सर्व्हर म्हणू?”

जाताना त्यांनी सगळे पासवर्ड नीट लिहून दिले, किल्ल्या दिल्या. आता भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. गेल्या आठवड्यात मी तिथं असतानाच संस्थेच्या नव्या माणसाचा फोन आला. बिचारा विचारत होता, एक चालू आहे, बाकीचे चार सुरूच का होत नाहीत? बाजी हसल्या नाहीत. त्याला सगळं समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र हातातला पेचकस खाली ठेवला. “दुसरीकडं अर्ज केलता,” त्या म्हणाल्या. “तिथं विचारतात, आधीचं काम कावून सुटलं? कागदावर बदनामी लिवलंय. मी काय सांगू?”

म्हणून हे लिहिलं. संस्थेची सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे. मी सभासद नाही, मला दारातच अडवतील. तुम्ही सभासद आहात, तुम्हाला अडवता येत नाही. सभेला या, उभे राहा आणि दोन गोष्टींचा ठराव मांडा: ‘बदनामी’ हा शब्द लेखी मागे घ्या, आणि बाजींना कामावर परत बोलवा. ठराव मतदानाला टाकल्याशिवाय खाली बसू नका.