बिबड्यांच्या दिवसांतलं प्रशिक्षण

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण लागलं. विषय होता, अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर. कॅमेरा सतत चालू हवा, चेहरा दिसायला हवा, नाहीतर प्रमाणपत्र नाही, अशी सूचना आदल्या संध्याकाळी ग्रुपवर आली. त्यावर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

अडचण अशी की, प्रशिक्षणाच्याच सकाळी देवपूरला आमच्या घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. ज्वारीचा घाटा एकदा शिजला की तो कुणाच्या प्रमाणपत्रासाठी थांबत नाही. गरम असतानाच ओल्या हाताने थापावा लागतो. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, मी प्रशिक्षणाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पातेलं गच्चीवर नेलं. मागोमाग मी फोन घेऊन गेले, पाण्याच्या टाकीला तो टेकवला आणि समोर जुनं लुगडं अंथरून आम्ही दोघी बसलो.

पुण्याहून बोलणारे प्रशिक्षक तरुण होते, उत्साही होते. शिक्षकाने नुसतं बोलत राहू नये, समोरच्यांना बोलतं करावं, हे त्यांनी स्लाइडवरून वाचून दाखवलं. मग पुढची स्लाइड वाचली, मग त्यापुढची. मी बिबडे थापता थापता मान डोलवत होते.

मग त्यांनी आमचे गट पाडले. माझ्या गटात चोपड्याचे एक सर आणि जामनेरच्या एक मॅडम होत्या. पडद्यापलीकडच्या विद्यार्थ्याचं लक्ष कसं टिकवावं, यावर आम्ही चर्चा करायची होती. सर केळीच्या बागेत पाणी भरत होते. मॅडम कुणाच्या तरी हळदीला बसल्या होत्या. आम्ही उकाड्यावर बोललो, प्रमाणपत्र लगेच डाऊनलोड होतं का यावर बोललो. विषयाकडे वळणार तोच प्रशिक्षक आमच्या गटात आले आणि मुद्दे मांडा म्हणाले. सरांचं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं. मॅडमनी आवाज बंद केला. माझे दोन्ही हात घाट्याने भरलेले.

अक्कांना वाटलं, तो आपल्यालाच विचारतोय.

"भाऊ, तू कवयना एकलाच बोली राह्यना," त्या म्हणाल्या. "समोर बठ्ठा शेतस का जेवाले गयात, ते तरी ईचार."

कधीचा एकटाच बोलतोयस, समोर सगळे आहेत की जेवायला गेलेत ते तरी विचार, असा त्यांच्या अहिराणीचा अर्थ. प्रमाणपत्र गेलं, असंच मी धरून चालले. पण प्रशिक्षकांचा चेहरा उजळला.

"पालकाच्या भूमिकेतलं सादरीकरण, आणि तेही बोलीभाषेत. फार छान, मॅडम."

अक्का काय म्हणाल्या ते त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मी आभार मानले. त्यांनी आमचा गट सगळ्यांपुढे नावाजला आणि उद्या प्रत्येकाने घरातल्या एका ज्येष्ठाला सोबत बसवावं, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी पडदा म्हाताऱ्यांनी भरून गेला. चोपड्याच्या सरांनी आपल्या नानांना बसवलं, जामनेरच्या मॅडमनी सासूबाईंना. एवढे पूर्ण चेहरे आदल्या दिवशी दिसले नव्हते. प्रशिक्षकांनी शंका विचारायला सांगितलं तेव्हा नानांनी त्यांना पुण्यात घर स्वतःचं आहे का, असं विचारलं. गटात गेल्यावर अक्कांचं आणि जामनेरच्या सासूबाईंचं लांबचं नातं निघालं. त्यावरून अक्कांच्या भाच्यासाठी त्या सासूबाईंच्या पुतणीच्या स्थळाचा विषय निघाला. प्रशिक्षक आत आले, थोडं ऐकलं आणि 'अनुभवांची देवाणघेवाण उत्तम' असं म्हणून निघून गेले. मी कॅमेऱ्याबाहेर नव्याने शिजवलेला घाटा थापत होते. माझी कुणी चौकशी केली नाही.

स्थळ पुढे जुळलं. अक्का स्वतःहून जामनेरला व्हिडिओ कॉल लावायला शिकल्या. प्रमाणपत्र माझ्या नावाचं आलं, गटकार्यातल्या विशेष सहभागाबद्दल.

"मनं कोठे शे?" माझं कुठे आहे, असं अक्कांनी विचारलं.

ते फक्त शिक्षकांनाच मिळतं, असं मी सांगितलं.

"बोलनू तं मीच ना," त्या म्हणाल्या.

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी फोनवर प्रमाणपत्र उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं, खालची सही कुणाची ते विचारलं आणि फोन परत देऊन वाळलेले बिबडे डब्यात भरायला गेल्या.