मनोरंजनावरचा खर्च

ठेकेदाराने भरून दिलेल्या अर्जात तिची माहिती अशी आहे. हुद्दा : देखभाल-व्यवस्थापिका, सार्वजनिक प्रसाधन सुविधा, बसस्थानक. वय : चोपन्न. अखत्यारीतील शौचकूप : सोळा. निवास : भाड्याची एक खोली, तिसरा मजला, शौचालयाची सोय इमारतीत उपलब्ध. अवलंबून व्यक्ती : एक, पती. वर्तणूक : समाधानकारक.

‘व्यवस्थापिका’ हा शब्द ठेकेदाराच्या दूरदृष्टीचा. सफाई कामगार लिहिलं की हातमोजे पुरवावे लागतात. व्यवस्थापिकेला हातमोजे लागत नाहीत.

येणारेजाणारे तिला मावशी म्हणत. पैसे बुडवायचे असले की जरा जास्तच प्रेमाने म्हणत. घाणीची तिला किळस येत नसे. घाण बिचारी आहे तिथेच असते, खोटं बोलत नाही. किळस यायची ती माणसांची. आत जाऊन पाण्याचा थेंब न टाकता बाहेर येणारी आणि मग आरशासमोर तीनदा हात धुऊन नाकाला रुमाल लावणारी माणसं. रुमाल तिच्याकडे बघून लावत.

‘इमारतीत उपलब्ध’ असलेली सोय गॅलरीच्या टोकाला होती आणि सात बिऱ्हाडांत एक होती. नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं लिफ्टमन म्हणून लोकांना वरखाली नेलं. निवृत्त झाला आणि खुबा निकामी झाला. ऑपरेशननंतर त्याला उकिडवं बसता येईना, रांगेत उभंही राहता येईना. म्हणून पडद्यामागे बादली आली. बादलीला झाकण होतं, पण झाकणाच्या हाती फारसं काही नव्हतं. सकाळी कामावर जायच्या आधी ती बादली उचलून, सहा बिऱ्हाडांच्या नजरेसमोरून, गॅलरीच्या टोकाला न्यायची. त्या वेळी नवरा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायचा. गप्पिष्ट माणूस तो, पण तेवढी पाच मिनिटं त्याला शब्द सुचत नसे.

तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती : कमोड असलेली खोली. समुद्र दिसायला नको, गच्ची नको. कमोड आणि त्याला आतून कडी.

अशा खोलीचं डिपॉझिट चाळीस हजार. लेकीने फोनमध्ये बचतीचं अ‍ॅप घालून दिलं. अ‍ॅपमध्ये एक खार होती, गुलाबी गालांची, आणि ती बोलायची. “आई, ही तुझा खर्च बघते, कुठे वाचवायचं ते सांगते आणि रोज थोडे पैसे बाजूला टाकते,” लेक म्हणाली. “तुला काही करायचं नाही.”

“काही न करता पैसे साठले असते तर तुझ्या बापाने बंगला बांधला असता.”

“ऐकतोय मी,” पडद्यामागून आवाज आला.

खारीने पहिल्या दिवशी सल्ला दिला : बाहेरची कॉफी बंद करा. तिने आयुष्यात बाहेरची कॉफी घेतली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात खार म्हणाली, जिमचं सदस्यत्व तपासून पाहा. सोळा शौचकूप घासून आलेल्या बाईने फोन पालथा घातला. लोक खारीच्या वाट्याचं कौतुक करतात. ही खार वाटा घालत नव्हती, नुसती अक्कल वाटत फिरत होती. तरी पैसे बाजूला पडत गेले हे खरं. तिने दुपारचा चहा सोडला, बस सोडली, चपलांना तिसऱ्यांदा टाके घातले. दर वेळी खार टाळ्या वाजवायची. चप्पल तुटल्यावर टाळ्या वाजवणारा प्राणी तिला पहिल्यांदाच भेटला होता.

घोळ झाला तो मात्र ठेकेदाराच्या पाटीवरून. प्रसाधनगृहाच्या दारावर पैसे भरायच्या कोडची पाटी होती. रोजच्या अ‍ॅसिडने ती धुऊन धुऊन पांढरी झाली आणि कोणाचाच फोन ती वाचेना. ठेकेदाराला नवीन पाटीचा खर्च झेपेना. “मावशी, तुझाच कोड लाव की. रात्रीचा सगळा आकडा मला पाठवत जा. पण प्रसाधनच्या खात्यावर नको हं, गेम झोनच्या खात्यावर पाठव.” बसस्थानकामागे त्याचं पोरांच्या खेळांचं दुकान होतं, रंगीत दिव्यांचं. पैसे त्या खात्यात का हवेत ते त्याला आणि त्याच्या हिशेबनिसाला ठाऊक. तिने पै न् पै पाठवली. लोक मुतत होते तिच्या खात्यात आणि पैसे जात होते त्याच्या.

महिनाअखेरीस खार कपाळाला हात लावून उभी. खाली लाल अक्षरं : तुमच्या खर्चापैकी एक्याऐंशी टक्के मनोरंजनावर!

“अगं, मला एकदासुद्धा नेलं नाहीस,” नवरा म्हणाला. चेहरा इतका दुखावलेला की तिला हसू फुटलं.

लेकीने फोनवरून सांगितलं, त्या ओळीवर बोट ठेव आणि प्रकार बदल. तिने बोट ठेवलं. घरभाडं, किराणा, प्रवास, औषधं, भेटवस्तू. ‘दुसऱ्याचे पैसे आपल्या हातून’ असा प्रकार खारीला माहीत नव्हता. ‘येडी कुठली’ म्हणून तिने नाद सोडला. दर महिन्याला खार कपाळ बडवायची आणि दर महिन्याला नवरा विचारायचा, “काय, आज कोणता खेळ?”

चौदाव्या महिन्यात खोली सापडली. तळमजला, दोन पायऱ्या, आत कमोड. घरमालक शाळातपासनीस म्हणून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. तिने खोलीकडे बघितलंच नाही. सरळ संडासात गेली, टाकीवर टकटक केलं, फोनचा दिवा लावून भांड्याच्या कडेखाली पाहिलं, दोनदा पाणी सोडून कान लावला.

“बाई, खिडकीही आहे हो,” मालक म्हणाले.

“असू दे. वॉशर बदलावा लागेल.”

“तुम्ही करता काय?”

“व्यवस्थापनात आहे,” ती म्हणाली. अर्जात तसंच लिहिलं होतं.

मालक खूश झाले. फक्त जमाखर्चाचा सहा महिन्यांचा अहवाल पाठवा म्हणाले, हल्ली सगळेच मागतात. लेकीने दाखवलेलं बटण तिने दाबलं आणि खारीने ‘आर्थिक आरोग्य अहवाल’ चार रंगांत तयार करून दिला. रविवारी सकाळी तिला बोलावणं आलं.

“तुमचा फोन द्या जरा,” मालक म्हणाले. “मला वाटलं, माझ्याकडे अहवाल चुकीचा आला.” त्यांनी तिच्या फोनवर अहवाल उघडून डोळ्यांजवळ धरला. “रोज रात्री. गेम झोन. एक दिवस सुटलेला नाही. या वयात जुगार?”

“जुगार नाही हो साहेब. ते माझे पैसे नाहीत.”

“दुसऱ्याच्या पैशांनी खेळता?”

आता दोनच वाटा होत्या. एक तर जुगारी राहायचं, नाहीतर खरं सांगायचं. खरं तिला अधिक स्वच्छ वाटलं. व्यवसायाचा दोष.

“बसस्थानकावरचे संडास माझ्याकडे आहेत. मी धुते. लोक माझ्या कोडवर पैसे देतात, मी ठेकेदाराला पाठवते. त्याच्या खात्याचं नाव तसं आहे, त्याला मी काय करू?”

मालकांनी फोन परत दिला नाही. टेबलावर वर्तमानपत्र होतं, त्यावर दोन बोटांनी ठेवला. मग “आलोच” म्हणून आत गेले. नळाचा आवाज आला. ती बसल्या बसल्या ऐकत होती. चौदा वर्षांच्या अनुभवाने तिला ऐकूनच कळलं की साबण लावलेला नाही.

बाहेर आल्यावर ते दारातच थांबले. “तसं नाही हो. काम कुठलंही असो, मी मानतो. भाषणंही केलीत त्यावर. पण खोली आधीच कोणीतरी सांगून ठेवली होती, माझ्या ध्यानातून गेलं.”

“खेळणारी असते तर?”

“तर समजावून पाहिलं असतं,” मालक प्रामाणिकपणे म्हणाले.

तिने फोन उचलला, पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. तपासनीसांचा वॉशर गळतच होता. रस्त्यात पिशवीतून टाळ्यांचा आवाज आला. चाळीस हजार पुरे झाले होते. खार रंगीत कागद उधळत होती : ध्येय पूर्ण! आता नवीन स्वप्न निवडा! खाली चित्रं होती, मोटार, समुद्रकिनारा, अंगठी. कमोडचं चित्र नव्हतं.

घरी नवरा पलंगावर बसूनच होता, दाढी करून. तिने चपला काढता काढता झालेलं सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “जुगारी म्हणूनच राहायचंस गं.”

“राहिले असते,” ती म्हणाली. “पण मला वाटलं, माणूस शिकलेला आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. अखत्यारीतल्या सोळांकडे जाण्याआधी तिने बादली उचलली आणि गॅलरीच्या टोकाला नेऊन रिकामी केली. बादलीची अर्जात नोंद नाही.