लहरी थांबेपर्यंत

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो, तेव्हा प्रा. गोविंद देवरगावकर सर प्रयोगशाळेत विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर बसले होते. सिन्नरच्या एका कारखान्यात डीसी पुरवठ्यावरची यंत्रे एकेकटी नीट चालत. सगळी एकत्र लावली की विजेच्या दाबात लहरी उठत, तो हेलकावे खाई आणि पुरवठा बंद पडे. मी अवघडून उभा होतो. सरांनी स्टूल पुढे केले आणि समजावले, "दाब पडला की साधा दिवा मंद होतो, कमी वीज घेतो. कन्व्हर्टरवरचं, म्हणजे वीज हवी तशी बदलून देणाऱ्या उपकरणावरचं यंत्र मात्र आपली मागणी सोडत नाही. ते जास्त प्रवाह ओढतं, आणि दाब आणखी पडतो."

या प्रश्नावर सरांबरोबर काम करीत होता त्यांचा एम. ई.चा विद्यार्थी, कळवणचा राजेंद्र. दाब खचू लागला की कन्व्हर्टरने क्षणभर मागणी सैल करायची, ही कल्पना त्याची. प्रयोग जमत आला होता, तोच त्याला कावीळ झाली आणि ती बळावली. सर रोज डबा घेऊन रुग्णालयात जात. एका संध्याकाळी मीही सोबत होतो. राजेंद्रने क्षीण आवाजात विचारले, "सर, लहरी थांबल्या?"

"थांबल्या," सर म्हणाले.

त्या थांबल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर सर तडक प्रयोगशाळेकडे वळले. त्याच आठवड्यात राजेंद्र गेला.

एक नोंद राहिली तरी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावणारे सर त्यानंतर 'थांबल्या' या आपल्या एका शब्दासाठी राबले. पावसाळा गेला, थंडी सरली, तेव्हा कुठे पडद्यावरची रेघ सरळ झाली. शोधनिबंधावर त्यांनी पहिले नाव राजेंद्रचे घातले आणि आम्ही दोघे कळवणला त्याच्या घरी गेलो.

वडील म्हणाले, "पोरगं काय करत व्हतं, आम्हाला कधी समजलंच नाय. काम चांगलं व्हतं का, सर?"

"फार चांगलं होतं. सिन्नरचा कारखाना आता त्यावर चालतो."

आई तोंडाला पदर लावून बसून होती. निघताना सर तिला म्हणाले, "लहरी थांबल्या, हे मी त्याला आधीच सांगून टाकलं होतं."

त्या विषयात सरांनी पुन्हा विद्यार्थी घेतला नाही. मी एकदा कारण विचारले. "पुढचा प्रश्न त्याच्याशी बोलायचा होता," एवढेच ते म्हणाले.

आज सर साठी पूर्ण करीत आहेत. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि पुष्कळ वर्षे लाभोत. आणि तो पुढचा प्रश्न त्यांनी आमच्यापैकी कुणाशी तरी बोलावा. आम्ही ऐकायला बसलो आहोत.