निनियन हॅडोचा एकच सामना

बर्नफूटमध्ये येऊन निनियन हॅडोला बावीस वर्षं झाली होती, तरी आमच्या गावाच्या लेखी तो बाहेरगावचाच प्लंबर होता. बाहेरगाव म्हणजे डोंगरापलीकडचं, चौदा मैलांवरचं. आमच्याकडे तेवढं पुरतं. माणूस मात्र अगदी सुतासारखा सरळ. आपण बसवलेला नळ पुन्हा गळत असेल अशी नुसती शंका आली, तरी ताटावरून उठून परत जाणारा. लोक त्याला काम सांगत, चहा देत आणि दार लावून घेत. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला कुणी ‘ये रे, बस’ म्हणालं नव्हतं आणि ते त्याला लागत असे.

म्हणून त्या फेब्रुवारीत गावच्या बर्फाच्या रिंकवर फुटलेला पाइप जोडायला गेला असताना विल्मा गेडीसने त्याची कॉलर धरली, तेव्हा त्याला राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं. विल्मा म्हणजे आमची बेकरीवाली आणि त्या संध्याकाळी गावच्या कर्लिंग चषकाचा अंतिम सामना खेळणाऱ्या एका संघाची कप्तान. तिचा चौथा गडी तापाने आडवा झाला होता.

“मला कर्लिंगमधलं ओ की ठो कळत नाही,” निनियन म्हणाला.

“पाइप ढकलतोस ना? मग दगड ढकल. चल, बूट काढ.”

तासभर तिने त्याला शिकवलं. दगड बर्फावरून सरकवत पलीकडच्या रिंगणाच्या मधोमध न्यायचा; ज्याचा दगड मध्याच्या जवळ, त्याचा गुण. एका पायात घसरणाऱ्या, गुळगुळीत तळाचा बूट, हातात वीस किलोचा दगड आणि खाली बर्फ. पहिल्या खेपेला दगड जागेवरच राहिला आणि निनियन पुढे गेला.

“अरे, दगड टाकायचाय, स्वतःला नाही!” विल्मा ओरडली. “भट्टीत पाव सरकवतात तसा सोड. हिसका नको. आणि झाडू जोरात मार, बायको बघत नाहीये.”

दगडापुढचा बर्फ झाडूने घासला की दगड लांब जातो, सरळ जातो, एवढं त्याला कळलं आणि जमायलाही लागलं. शेवटी विल्मा गंभीर झाली. “एक गोष्ट नीट ऐक. चालत्या दगडाला झाडू लागला, तर ज्याचा झाडू त्यानेच सांगायचं. इथे पंच नसतो. मग तो दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरचा कप्तान ठरवणार.”

“आणि नाही सांगितलं तर?”

विल्माने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो लगेच झाडू उचलून कामाला लागला.

समोरच्या संघाचा कप्तान होता वॉल्टर मॉफॅट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उभी हयात मेंढ्यांमागे गेलेली. नऊ वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि नऊही वेळा हरला. डॉक्टरांनी पुढच्या हिवाळ्यात बर्फावर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. विल्माचे काही गडीसुद्धा मनातून म्हाताऱ्याच्याच बाजूचे होते.

सामना शेवटच्या दगडापर्यंत बरोबरीत गेला. मॉफॅटचा दगड रिंगणात मधोमध बसलेला होता आणि उरला होता फक्त विल्माचा एक दगड. तिने तो सोडला. दगड सुंदर निघाला, पण दमत चालला. निनियन आणि दुसरा गडी जीव खाऊन झाडू मारत धावले. रिंगणाच्या अलीकडे, तीन-चार पावलांवर, निनियनच्या झाडूची कड दगडाला लागली. आवाज झाला नाही. हाताला मात्र कळलं.

दगड जाऊन मॉफॅटच्या दगडाला बोटभर बाजूला सारून मध्ये बसला. विल्माच्या संघाने एका गुणाने सामना जिंकला. विल्माने निनियनला मिठी मारली. पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी ओरडलं, “अरे, आपला निनियन!” बावीस वर्षांत ‘आपला’ हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला. आत्ता सांगू, थोड्या वेळाने सांगू, असं करता करता लोक दगड बाजूला सारूनही गेले.

आमच्यात जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिला प्याला पाजायचा आणि त्याच टेबलाशी बसायचं. निनियनच्या वाट्याला नेमका मॉफॅट आला. म्हाताऱ्याने त्याच्या पहिल्या सामन्याचं अभिनंदन केलं, प्याला अर्धा केला आणि विचारलं, “मग गड्या, आजच्या खेळाचं काही सांगायचंय?”

“गुडघे दुखतायत, दुसरं काय!” निनियन म्हणाला. सगळे हसले. मॉफॅटही हसला, पण उठला नाही. बाकीचे घरी गेले, तरी तासभर त्याच्या समोर बसून राहिला आणि मेंढ्यांच्या गोष्टी सांगत राहिला.

त्यानंतर निनियन रिंकवर फिरकला नाही. “एक सामना जिंकला आणि निवृत्त झाले राजे!” विल्मा टोमणा मारायची. लोकांना वाटलं, स्वारीला शिंगं फुटली. स्वारी इकडे रात्रंदिवस मनात कुढत होती. दोनदा तो मॉफॅटच्या घरापर्यंत गेला. दुसऱ्यांदा म्हातारा फाटकातच उभा होता, त्याने काठी उंचावून हाक मारली. निनियनने हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली. मे महिन्यात मॉफॅट गेला.

सप्टेंबरात मॉफॅटच्या बायकोने, नेट्टाने, त्याला मोरी तुंबली म्हणून बोलावलं. काम झालं, हात धुतले, तरी निनियन उभाच राहिला. मग एका दमात सगळं बोलून गेला. झाडू, दगड, चषक. बोलताना रडला. नेट्टा किटली हातात धरून ऐकत होती.

“त्यांनी बघितलं होतं,” ती म्हणाली. “रिंगणामागेच तर उभे होते.”

“मग बोलले का नाहीत?”

“ते कसे बोलतील? सांगायचं होतं ते तुम्ही. मोसम संपेपर्यंत दर गुरुवारी रिंकवर त्याच टेबलाशी जाऊन बसायचे, शेजारची खुर्ची कुणाला देत नसत. मला म्हणायचे, ‘नवा आहे बिचारा, येईल. आणि दगड मी ठेवूनच दिला असता, नेट्टा. पहिल्यांदा खेळणाऱ्याचा दगड काय काढायचा!’”

नेट्टाने किटली शेगडीवर ठेवली.

“माफी त्यांच्याकडे तयारच होती, हॅडो,” ती म्हणाली. “तुम्ही न्यायला आला नाहीत. आता ती मी कुठून देऊ?”