यंत्राने लिहिलेलं कुडपण

राजश्री तांबेला महाडात माणसं कॉम्प्युटरवाली म्हणून ओळखत. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मुलीचा प्रवेशाचा अर्ज पुढे सरकेना, की तिच्या दारात उभी. खरं तर तिचं काम वेबसाइटी बांधायचं. कॉलेज संपल्यावर ती पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि तिथेच मुरली. महाडला मोठा पूर आला तेव्हा घरातला गाळ काढायला म्हणून आली, ती परत गेलीच नाही. आई आधीच वारली होती. वडील अरविंद तांबे कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटे. चिखलाने फुगलेलं एकेक कपाट ते दारापर्यंत ओढत नेत आणि तिथेच टेकत, ते तिने पाहिलं आणि कंपनीला कळवलं की मी यापुढे इथूनच काम करीन. कंपनीनेही फार ताणलं नाही.

वरच्या मजल्यावर खिडकीशी तिने टेबल मांडलं. काम तिच्या आवडीचं होतं. वेबसाइटचं पान कसं दिसतं यापेक्षा ते कुणाकुणाला वापरता येतं, याची तिला जास्त ओढ. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसालाही त्यावरचं बटण सापडलं पाहिजे. जुना फोन, रेंजची एखादीच काडी, तरी पान उघडलं पाहिजे. दिवसभर खपून एखादं पान हलकं झालं, की तिला भाकरी टम्म फुगल्यासारखं बरं वाटायचं.

मग एआय आलं. तिचा साहेब सुशांत वयाने तिच्याहून लहान, पण माणूस मवाळ. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं की आता कोड आधी एआयकडून लिहून घ्यायचा आणि माणसाने तो तपासायचा. वेळ निम्मा लागेल, असं वरच्यांचं म्हणणं होतं.

राजश्रीने नाक मुरडलं नाही. तिने मनापासून वापरून पाहिलं. कोडमधली विसरलेली एखादी आज्ञा विचारली तर ते पटकन सांगायचं, ठरावीक साच्याचं काम उरकून द्यायचं. तेवढ्यापुरतं ठीक होतं. पण त्यापुढे गेलं की त्याचा तोल सुटायचा, आणि सुटलाय हे त्याच्या बोलण्यातून कधी कळायचं नाही. जगात कुठेच नसलेल्या आज्ञेचं नाव ते बिनदिक्कत लिहायचं. चूक दाखवली की गोड माफी मागून दुसरी चूक हातात द्यायचं. पान पडद्यावर झकास दिसायचं, पण माउस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकाने चालवायला गेलं की बटण हाती लागायचं नाही. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये चूक कुठे असेल याचा तिला अदमास असायचा. इथे प्रत्येक ओळ परक्याची. आणि ती लिहिणारा कुणी नव्हताच, मग विचारायचं कुणाला?

मानसी नावाची एक नवी मुलगी राजश्रीच्या हाताखाली शिकत होती. पूर्वी तिची चूक झाली की राजश्री फोन लावायची, दोघी बसून ती शोधायच्या, आणि मानसी पुन्हा तीच चूक करायची नाही. आता मानसीकडून येणारं काम भाराभर वाढलं होतं. एकदा तिने पाठवलेला एक फॉर्म भरलेली माहिती गिळून टाकत होता. राजश्रीने तिला विचारलं, हे असं का लिहिलंस?

मानसीने तो फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, "ताई, मी नाही लिहिलं. त्याने दिलं, चाललं, म्हणून मी पुढे पाठवलं."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून राजश्रीला रागावताही येईना. चुकीला कुणी धनीच नव्हता. तो सगळा फॉर्म राजश्रीने स्वतः पुन्हा लिहिला, आणि कंपनीच्या हिशेबात तो एआयने केलेल्या कामात धरला गेला.

जेवताना तिचं ताटात लक्ष नसायचं. अरविंदांनी पेपरात काहीबाही वाचलं होतं. त्यांनी एकदा विचारलंच, "हे यंत्र तुझी नोकरी घेईल का गं?"

"नोकरी नाही घेणार बाबा," ती म्हणाली. "नोकरीतलं जे आवडायचं तेवढं घेतलंय."

 अरविंदांनी आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली.

या सगळ्यात तिचं एक काम मागे पडत होतं. पोलादपूरच्या वर, घाटाला लागून कुडपणचं पठार आहे. तिथल्या राहीबाईंनी आणि आणखी काही घरांनी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना घरी उतरवायला सुरुवात केली होती. राहीबाईंचं घर नाचणी-वरीची शेती आणि म्हशींवर चाललेलं. अरविंदांची आणि राहीबाईंच्या नवऱ्याची कचेरीतली जुनी ओळख. त्या ओळखीने राजश्रीने त्यांची वेबसाइट करून दिली होती. एक साधं पान. त्यासाठी ती वर जाऊन राहिली होती. राहीबाई चुलीपुढे बोलत गेल्या आणि तिने त्यांचंच बोलणं थोडं सारखं करून लिहिलं. घर मातीचं आहे, न्हाणीघर मागल्या अंगाला आहे, जेवायला आम्ही खातो तेच मिळेल. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात: पावसाळ्यात कड्याखालच्या धबधब्याकडे उतरू नका, वाट शेवाळलेली असते, गावचा माणूस नाही म्हणाला तर नाहीच.

उन्हाळ्यात राहीबाईंचा फोन आला होता. आणखी घरं तयार झाली होती, ती पानावर घालायची होती, फोटो बदलायचे होते. राजश्री हो म्हणाली. पण दिवसभर परक्या ओळी वाचून डोळ्यांत असं वाळू गेल्यागत व्हायचं की संध्याकाळी पुन्हा पडद्यापुढे बसवत नसे. पुढच्या आठवड्यात करते, असं ती दोनदा-तीनदा म्हणाली. मग राहीबाईंनीच फोन करायचं सोडलं.

त्यांचा पुतण्या हृतिक मुंबईत एका कुरिअरच्या ऑफिसात होता. त्याने बसल्या बैठकीत एआयकडून नवी वेबसाइट करून घेतली. राजश्रीला हे कळलं ते श्रावणात, आणि कळलं ते वाईट रीतीने. अरविंदांनी गावच्या ग्रुपवर आलेली बातमी वाचून दाखवली. कुडपणला पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी घरचे म्हशींमागे गेले तेव्हा पाहुण्यांतला बाप धबधबा बघायला एकटाच निघाला, आणि शेवाळावरून घसरून खाली कातळावर आदळला. मांडीचं हाड मोडलं. गावच्या माणसांनी घोंगडीची झोळी करून, धुक्यातून वाट काढत त्याला वर आणलं. जीव वाचला होता.

बातमीखाली कुणीतरी लिहिलं होतं, हृतिकने एआयकडून करून घेतलेल्या वेबसाइटमुळे हे झालं. राजश्रीने ती उघडली. पान देखणं होतं. वर चित्रात एक टुमदार कौलारू घर, दारात म्हैस, मागे कुडपणला कुणी कधी न पाहिलेले टोकदार डोंगर. खाली मजकूर गुळगुळीत, एका ओळीवरून दुसरीवर डोळा घसरत जावा असा. निसर्गाच्या कुशीत, अविस्मरणीय अनुभव. आणि मध्येच: पावसाळ्यात धबधब्यापर्यंतची सोपी पायवाट हे आमच्या गावाचं खास आकर्षण. हे वाक्य कुडपणच्या कुणाही माणसाच्या तोंडून आलं नसतं. तिने लिहिलेली सूचना कुठेच नव्हती.

पान बदलणं हृतिकच्याच हातात होतं, आणि गणपतीत तो गावी येणार हे तिला ठाऊक होतं. त्या सुट्टीत ती पोलादपूरहून जीपने वर गेली. राहीबाईंच्या ओटीवर पाट टाकलेला, आत गणपतीपुढे समई. राहीबाईंनी तिला पाणी दिलं, बस म्हणाल्या. पण बोलणं नेहमीसारखं मोकळं नव्हतं. लोकं झोळी घेऊन वर येत होती तेव्हा पुढे वाट दाखवत त्याच चालल्या होत्या. त्या माणसाच्या बायकोचं रडणं अजून कानातून जात नाही, असं त्या सांगत होत्या.

हृतिक आला तो आधीच चिडलेला. घरच्यांनी, गावाने त्याला पुष्कळ सुनावलं होतं. त्याचं म्हणणं होतं की त्याने फक्त गावाचं नाव आणि थोडी माहिती घातली होती. धबधबा आहे एवढंच सांगितलं होतं, बाकी एआयनेच लिहिलं. एकदम प्रोफेशनल दिसत होतं, बुकिंग पण वाढली होती. सोपी पायवाट वगैरे त्याने नीट वाचलंच नव्हतं.

"तू नाही वाचलंस तर कुणी वाचायचं, हृतिक?" राजश्री म्हणाली.

"ताई, तुमची किती वाट बघितली आम्ही?" तो म्हणाला. "तुम्हाला टाइम नव्हता. त्याच्याकडे टाइम होता."

 आपल्याला वेळ का नव्हता हे राजश्रीने सांगितलं असतं, तर त्याला हसू आलं असतं. याच यंत्राचं लिहिलेलं दिवसभर तपासत बसले होते, म्हणून तुमचं राहिलं आणि तेही त्यानेच लिहिलं. 

राहीबाईंनी हृतिकच्या हातातला फोन मागून घेतला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं. त्यांनी ते आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

"ह्यो घर कुनाचा रं?"

"कुनाचाच नाय काकी. तयार केलेला हाय."

"आनि ही म्हस? हिची शिंगं बघ गो राजश्री, एकात एक गेलीत. अशी म्हस दावनीला बांधायची कशी?" त्यांनी फोन परत दिला. "लोकं हा घर बघून येतात नि माझ्या घरात उतरतात. मला वाटायचा, तोंड का पाडतात."

हृतिकने ते चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग हृतिकच म्हणाला की जुनी सूचना परत टाकूया, आजच. राजश्रीने पिशवीतून लॅपटॉप काढला. ती तिथे दोन दिवस राहिली. खरे फोटो हृतिकने काढले. त्याचा हात चांगला होता, हे तिच्या ध्यानात आलं. घराघरांत जाऊन त्यांनी विचारलं, लिहिलं, वाचून दाखवलं, पुन्हा दुरुस्त केलं. एका म्हातारीने आपल्या घरात रात्री उंदीर असतात हेही लिहा म्हणून हट्ट धरला, तो त्यांनी पुरवला. निघताना राहीबाईंनी तिच्या पिशवीत काकड्या आणि वरीचे तांदूळ घातले. बुकिंग त्यानंतर कमी झाली, आणि हृतिकने ते तिला फोनवर सांगितलंही. त्यात टोमणा नव्हता, पण खोटं सांत्वनही नव्हतं.

दिवाळीच्या आधी सुशांतने मीटिंग घेतली. एआयमुळे प्रत्येकाचा किती वेळ वाचला ते सांगायचं होतं. एकेकाने आकडे सांगितले, ते सुशांत टिपून घेत होता. राजश्रीची पाळी आली.

"माझा नाही वाचला," ती म्हणाली. "लिहायला लागायचा त्याहून वाचायला जास्त लागतो. आणि थकवा वेगळाच."

पडद्यावरच्या चौकटींत माणसं खाली बघू लागली. सुशांत म्हणाला की तुमचं बरोबर असेल, पण अहवालात वेळ वाचला नाही असं लिहायला जागा नाही, आकडा लागतो. तिने तो त्यालाच घालायला सांगितलं. त्याने काय घातला, हे तिने विचारलं नाही.

मीटिंगनंतर त्याने तिला वेगळा फोन केला. पुष्कळ ठिकाणच्या चुका तिनेच पकडल्या होत्या, हे वरच्यांच्या कानावर गेलं होतं. नव्या वर्षापासून तिने फक्त तपासायचं, सगळ्यांचं, अशी त्यांची इच्छा होती. हुद्दाही वाढणार होता. ज्या कामाबद्दल तिने मीटिंगमध्ये तक्रार केली, तेच तिच्या पदरात पडलं. अरविंद म्हणाले, नको वाटत असेल तर सोड, आपलं भागतंय. ती दोन दिवस विचार करत राहिली. आपण सोडलं तर न वाचताच पुढे जाईल, हे तिला दिसत होतं. फॉर्म भरणारं, बटण शोधणारं कुणीतरी पलीकडे असतंच.

तिने काम घेतलं, एका अटीवर: ज्याला स्वतःचा कोड समजावून सांगता येत नाही, त्याने तो माझ्याकडे पाठवायचा नाही. सुशांतने अट मान्य केली. ती पाळली मात्र फारशी कुणी नाही. मानसी तेवढी अधूनमधून फोन करते. ही ओळ इथे का आहे ते मला कळत नाही, म्हणते. मग राजश्री हातातलं बाजूला ठेवते, आणि दोघी ती ओळ पहिल्यापासून वाचायला घेतात.