खो-खो बंद करणारी देवी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नगरहून एक इंग्रजी कादंबरी आणली. ग्रीक पुराणांत ज्या बायकांवर अन्याय झाला, त्यांच्या गोष्टी हल्ली त्यांच्याच बाजूनं नव्यानं लिहितात, त्यातली एक. शब्दकोश घेऊन बसले तरी संपायला तीन आठवडे लागले. संपली तेव्हा मी पेटले होते. शेवगावजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, मुलींच्या खो-खोचंही मीच बघते. तालुक्यातल्या समस्त स्त्रियांचा आवाज आता आपणच, असं मला वाटू लागलं.

एका ऑफ तासाला नववीच्या मुलींना मी गोष्ट सांगितली. एका सुंदर पुजारणीवर समुद्राच्या देवानं मंदिरातच जबरदस्ती केली. मंदिरातली देवी चिडली, पण त्या पुजारणीवरच. तिनं तिच्या केसांचे साप केले आणि तिला माणसांतून उठवलं. सांगताना माझा आवाज दाटून आला. तो किती छान दाटलाय, हेही मला कळत होतं.

खो-खोच्या संघाची कप्तान मागच्या बाकावर होती. तिनं विचारलं, "बाई, मंग देवीनं त्या देवाला काय केलं?"

"काही नाही. हाच तर अन्याय."

"तुमी बी तसंच केलं की."

ती शांतपणे बोलली. ऑगस्टमध्ये काही पोरं मैदानाच्या भिंतीवर बसून मुलींना शिट्ट्या मारायची. मुलींनी मला सांगितलं, तर मी मुलींचाच सराव बंद केला. आणि वर त्यांनाच, वेण्या घट्ट घाला म्हणाले. पोरं अजून भिंतीवरच होती.

"ते तुमच्या काळजीपोटी होतं," मी म्हणाले.

"देवीला बी काळजीच असंल," दुसरी म्हणाली.

वर्ग हसला. मी फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

दोन दिवस मी फुगून होते. या पोरींना साहित्य कळत नाही, असं घरी दोनदा बोलूनही दाखवलं. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी पोरांच्या पालकांना बोलावलं, भिंत रिकामी झाली. मुलींसमोर बोलायला मी पानभर मजकूर लिहून नेला होता. प्रत्यक्षात तोंडातून "माझं चुकलं" एवढंच निघालं.

सराव पुन्हा सुरू झाला, आणि आता रोज संध्याकाळी मी मैदानावर उभी असते. पहिल्या दिवशी कप्तान धावत माझ्याकडे आली, तेव्हा आभार मानायला येतेय असं वाटून मी नम्र चेहरा केला.

"बाई," ती म्हणाली, "जरा सरका, रेषेवर उभ्या हायेत तुमी."