सहा ते दहाचं काय करायचं?

मागच्या शनिवारी-रविवारी कंपनीची फॅमिली ट्रिप झाली. थीम पार्क, एक मुक्काम, दोन बस, शहाऐंशी माणसं. नियोजन माझ्याकडे होतं... मी मागितलेलं नव्हतं.

(ऑफिसातले काही जण इथे वाचतात, म्हणून नावं बदलली आहेत.)

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूल डिझाइनला आहे. डिपार्टमेंटमध्ये नऊ जण, त्यात मुलगी मी एकटी. साहेब म्हणाले, पार्कची तिकिटं कोणीही काढेल, पण पार्क सहाला बंद होतो, खरा प्रश्न सहा ते दहाचा आहे. बायका-मुलांना संध्याकाळी काहीतरी हवं ना... मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी एक्सेलमध्ये शीट केली. ६.४० ला बसने सनसेट पॉइंट, ७.३० ला परत. मुलांसाठी चित्रकला, बायकांसाठी संगीत खुर्ची, मग हाऊजी, नऊला जेवण. कँटीनमध्ये चेष्टा सुरू झाली. मॅडम, सूर्य ६.४० ला थांबेल ना, त्याला मेमो पाठवलाय का, वगैरे.

मला त्या दिवसांत दुसरंच काही हवं होतं. माझ्या फिक्श्चरची ट्रायल होती. फिक्श्चर म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, घट्ट धरून ठेवणारी चौकट. जुन्यात चार बोल्ट पान्याने आवळायचे आणि काम झालं की सोडवायचे. शिफ्टला पन्नास जॉब, म्हणजे पाना चारशे वेळा. मी त्या जागी एक हँडल दिलं होतं, एकदा दाबलं की चारही बाजू धरल्या जातात. स्वतंत्रपणे केलेलं माझं पहिलं काम.

ट्रायल ट्रिपच्या दोन आठवडे आधी, गुरुवारी लागली. त्याच दिवशी मला मुक्कामाचं हॉटेल बघायला पाठवलं... लेडीजची सोय तुलाच नीट कळेल म्हणून. मी लॉनची लांबी-रुंदी आणि बाथरूमच्या कड्या मोजत होते, तेव्हा इकडे माझं हँडल पहिल्यांदा चाललं.

शुक्रवारी रिपोर्ट पाहिला. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी, जॉब ओके, साहेबांची सही. 'रिमार्क्स'चा रकाना रिकामा. त्या मशीनवर अहिरे काका असतात. सटाण्याकडचे, अत्यंत कमी बोलणारे. त्यांना जाऊन विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, "बरं शे." एवढंच.

मग केटररचे फोन सुरू झाले, आणि मी पुन्हा शॉपवर, मशीनपाशी, गेलेच नाही. चांगलं झालं की नुसतं चाललं, हे मला कळलंच नव्हतं... आणि ते कोणाला विचारावं, हेही.

तर ट्रिप. पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं, घोटीला चहा, मग घाट. दिवसभर पाण्यात आणि पाळण्यांत. सहाला पार्कमधून बाहेर पडलो तेव्हा निम्मी मुलं खांद्यावर झोपलेली होती. सनसेट पॉइंटच्या बसमध्ये अकरा जण चढले आणि सात जण चढण बघून परत उतरले. संगीत खुर्चीच्या खुर्च्यांवर बायका बसल्या त्या उठल्याच नाहीत. चित्रकलेचे कागद भजी खायला वापरले गेले.

राहिली हाऊजी. आकडे पुकारायला मीच. घसा गेलेला, पाय सुजलेले... मला फक्त हे संपायला हवं होतं.

तेवढ्यात एक बाई तिकीट घेऊन शेजारी येऊन बसल्या. चष्मा बसमध्ये राहिला, माझे आकडे तुम्हीच बघा म्हणाल्या. मी त्यांचं तिकीट समोर ठेवलं. दोन-तीन आकड्यांनंतर त्यांनी हळूच विचारलं, "त्या हँडलवाल्या मॅडम तुम्हीच का?"

मी हो म्हटलं. त्या अहिरे काकू होत्या.

"पहिले घरी आले की शर्ट मला काढून द्यावा लागे," त्या म्हणाल्या. "उजवा हात वर जायचाच नाय. आता सोताच काढतात. परवा तर माळ्यावरचा डबा उतरवून दिला."

समोरून आरडाओरडा सुरू झाला होता, मॅडम, पुढचा आकडा. आकडा माझ्या हातात होता, पण मी काकूंनाच विचारलं, "कोणत्या दिवसापासून?"

त्या हसल्या. "तारीख कोण लिहून ठेवतं बाई... पण गुरुवार होता. मी उपासाची खिचडी करत होते, तर हे शर्ट बदलूनच आले. मी विचारलं, कोणी काढून दिला? तर म्हणे, त्या पोरीने हँडल बसवलंय."

ट्रायल गुरुवारीच होती.

मी पुढचा आकडा पुकारला. एकोणसत्तर. लॉनच्या टोकाला अहिरे काका पत्ते पिसत होते, माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. हाऊजीत काकूंना काही लागलं नाही, एक ओळसुद्धा नाही.

सोमवारी मी ट्रायलची फाइल मागवली आणि रिकामा रकाना भरला. 'ऑपरेटरच्या उजव्या खांद्याचा त्रास ट्रायलच्या दिवसापासून कमी. माहिती: ऑपरेटरची पत्नी.' साहेबांनी दोनदा वाचलं. अशी माहिती रिपोर्टमध्ये लिहीत नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, सर, मोजलेली आहे, रोजच्या शर्टावर. त्यांनी शेजारी सही केली.

पुढच्या वर्षी सहा ते दहा दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि ट्रायलला मी मशीनपाशी असेन, हेही सांगून ठेवलं आहे. त्यावर अजून उत्तर नाही.

पाय अजून दुखतायत... पण काकूंचा चष्मा बसमध्ये राहिला, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.